"पोलीस रेकॉर्ड काढून देतो, मॅडम": माझे ४२,४९९ रुपये असे गेले

आधी आकडा सांगून टाकते, म्हणजे पुढे लपवायला काही उरणार नाही. ९९९, मग ४,५००, मग १२,००० आणि शेवटी २५,०००. एकूण बेचाळीस हजार चारशे नव्व्याण्णव. खातं हॅक झालं नाही, ओटीपी कुणाला दिला नाही. चारही वेळा पिन मीच टाकला, एकदा तर कुकरच्या शिट्ट्या मोजता मोजता.

आणि मी काही अडाणी नाही. सरकारी कार्यालयात ३१ वर्षं काढली, त्यातली बारा आवक-जावकच्या टेबलावर. कागद हातात आला की आधी जावक क्रमांक बघायचा, मग तारीख, मग सही, ही सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. लग्नपत्रिकेवरसुद्धा माझी नजर आधी उजव्या कोपऱ्यात जाते. म्हणून जास्त लाज वाटते.

झालं असं की मुलीला कामोठ्याचं स्थळ सांगून आलं होतं. बोलणी जवळजवळ पक्की झाली होती. तेवढ्यात नात्यातल्या एका बाईने कानाशी लागून सांगितलं, "मुलावर कसलीतरी पोलीस केस आहे म्हणे." म्हणे! त्या एका शब्दाने माझी आठ दिवसांची झोप गेली. विचारणार कुणाला? थेट पोलिसांत गेले असते तर "मुलीची आई चौकशा करत फिरतेय" ही बातमी माझ्या आधी कामोठ्यात पोचली असती. म्हणून कळव्याजवळ खारेगावात घरी बसून, कुणाला न सांगता, मोबाइलवर शोधलं. सगळ्यात वर जी लिंक आली ती दाबली. वर अशोकस्तंभ, खाली पोलिसांचं बोधचिन्ह, मध्ये "कोणाचेही पोलीस व अटक रेकॉर्ड २४ तासांत".

तुम्ही म्हणाल, इथेच कळायला हवं होतं. बरोबर आहे. पण ज्याच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्यानेच मला हे ऐकवावं.

नोंदणीचे ९९९ भरले. दहा मिनिटांत फोन. माणूस अतिशय नम्र, प्रत्येक वाक्यात मॅडम. "डिपार्टमेंटमध्ये आपली माणसं आहेत, मॅडम, नाव कुठे येणार नाही." शोध फी ४,५००. ती एका यूपीआयवर गेली आणि पैसे घेणाऱ्याचं नाव होतं कुठल्याशा मोबाइल रिचार्जच्या दुकानाचं. दुकानाचं! सरकारी फी चलनाने भरतात, ग्रास या सरकारी पोर्टलवर भरतात, पावती निघते. असली चलनं मी आयुष्यभर फाइलला लावली आहेत.

दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "ताई, रेकॉर्ड निघालंय. अटक झालेली आहे." मॅडमची ताई झाले होते. सही-शिक्क्याची प्रत हवी तर १२,०००. दिले.

प्रत आली ती पीडीएफ. ती अजून माझ्याकडे आहे, रोज एकदा तरी उघडते, जिभेने दुखरा दात चाचपावा तशी. घटनेची तारीख १४ नोव्हेंबर २०२४, आणि कलम भादंवि ४२०. अहो, भादंवि म्हणजे भारतीय दंड संहिता, ती १ जुलै २०२४ ला गेली. त्यानंतरच्या गुन्ह्याला भारतीय न्याय संहिता लागते, फसवणुकीचं ४२० तिथे ३१८(४) झालं. त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर "आता चारसोबीस म्हणायची सोय राहिली नाही" असा विनोद कोणी टाकला होता? मीच. कागदाच्या डोक्यावर ब्रीदवाक्य होतं "सद्रक्षणाय खलनिग्रणाय". निग्रहणातला "ह" गायब. गुन्हा कामोठ्याचा, खटला "ठाणे न्यायालयात". आणि जावक क्रमांकाच्या जागी नुसत्या टिंबांची ओळ.

ती टिंबं मी पाहिली होती. हे लिहायला जड जातंय, पण पाहिली होती. मनात आलंही की नंबर टाकायचा राहिलाय. राहिलाय! कुणी शिपाई असला कागद घेऊन टेबलाशी आला असता तर मी त्याला उभ्या उभ्या परत पाठवला असता. पण त्या क्षणी मी "अटक" या शब्दाच्या पुढे वाचतच नव्हते. त्याच संध्याकाळी मुलाच्या आईला फोन करून पत्रिका जुळत नाही म्हणून सांगितलं. त्या बिचाऱ्या म्हणाल्या, "पण आमच्या गुरुजींनी तर अठ्ठावीस गुण काढले होते हो." मी म्हटलं, आमच्या गुरुजींचं पंचांग वेगळं आहे.

चार दिवसांनी पुन्हा फोन. आता ताईची "बाई" झाले. "बाई, तुम्ही गोपनीय रेकॉर्ड बेकायदा मिळवलंय, सायबरकडे तुमचं नाव गेलंय, मिटवायचं असेल तर २५,०००." घाबरून दिले. पेन्शन बंद होईल असं डोक्यात बसलं होतं. पुढे ६०,००० मागितले तेव्हा पाय गळाले आणि रात्री मुलीला सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

तिने लॅपटॉप घेतला. ई-कोर्ट्सच्या साइटवर पक्षकाराच्या नावाने किंवा एफआयआर नंबरने खटला शोधता येतो, फुकट. आधी ठाणे जिल्हा टाकला, मग तिच्या लक्षात आलं: कामोठे पोलिसांच्या दृष्टीने नवी मुंबई आयुक्तालयात, पण जिल्हा रायगड, न्यायालय पनवेल. खारघर, कळंबोलीचंही तसंच. चुकीचा जिल्हा निवडलात तर काही सापडणार नाही आणि तुम्ही उगाच निर्धास्त व्हाल. पनवेलला मुलाच्या नावावर काही नाही. नावाची स्पेलिंगं तीन प्रकारे फिरवून पाहिली, तरी नाही. मग महाराष्ट्र पोलिसांच्या साइटवर प्रसिद्ध केलेले एफआयआर पाहिले. आयुक्तालय, पोलीस ठाणं आणि तारखा टाकल्या की दिसतात, कारण एफआयआर २४ तासांत साइटवर टाकायचा असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा आदेश आहे (लैंगिक गुन्हे वगैरे संवेदनशील प्रकरणं सोडून). तिथेही त्याचं नाव नाही. हे सगळं पाऊण तासात, चहाच्या एका कपात.

माझ्याच फोनवरून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला तक्रार केली, पण पहिला हप्ता जाऊन अकरा दिवस झाले होते. पहिल्या तासाभरात करा. लाज नंतर वाटू द्या.

आता पोलिसांबद्दल. पहिल्या दिवशी, "ऑनलाइन तक्रार केलीय ना, मग झालं." दुसऱ्या दिवशी साहेब बंदोबस्ताला. तिसऱ्यांदा एकाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण दुसऱ्याचं रेकॉर्ड तुम्हाला कशाला हवं होतं?" बाकावरचे चार जण माझ्याकडे बघायला लागले. ज्या प्रश्नाला भिऊन मी पोलिसांकडे गेले नव्हते, तो विचारायला त्यांनी ४२,४९९ जाईपर्यंत वाट पाहिली. चौथ्यांदा हद्द निघाली: पैसे घेणारं खातं बाहेरच्या जिल्ह्यातलं, म्हणून तिकडे जा. हद्दीबाहेरचा गुन्हाही झिरो एफआयआर म्हणून नोंदवावा लागतो, नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये लिहिलंय, असं मी म्हटलं. "मॅडम, कायदा आम्हाला शिकवू नका." मॅडम! परत मॅडम झाले. पाचव्या चकरेला अर्ज घेतला आणि पोच देईनात. मी बसून राहिले. दीड तास. आवकचा शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय उठले नाही. आयुष्यात एक गोष्ट नीट येते, ती तरी करून आले.

त्याच संहितेचं कलम ३७ म्हणतं, अटक झालेल्यांची नावं, पत्ते आणि गुन्ह्याचं स्वरूप प्रत्येक पोलीस ठाण्यात ठळकपणे लावायचं. म्हणजे मला जे हवं होतं ते भिंतीवर असायला हवं. सहा चकरांत मी ती भिंत पाठ केली. गणेशोत्सवाचं जुनं परिपत्रक आहे, कुणाच्या तरी वाढदिवसाचा फलक आहे.

माहिती अधिकार सुचवणाऱ्यांसाठी: १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एक विषय, १५० शब्द, ३० दिवस. पण तिऱ्हाइताची खासगी माहिती किंवा तपासाला अडथळा येईल अशी माहिती मागितलीत तर कलम ८ दाखवून नाकारतात. तशी उत्तरं मीच कितीतरी जावक केली आहेत. आणि चारित्र्य पडताळणीचा दाखला ज्याचा त्यानेच मागायचा असतो. मुलाकडच्यांना सरळ म्हणायचं, दोन्हीकडचे दाखले काढू, तुमचा आणि आमचाही. कोणी रागावलं तर रागावलं. "आतला माणूस" असल्याचं सांगेल त्याचा फोन तिथेच ठेवा.

१९३० च्या तक्रारीवरून एका खात्यात ८,२०० रुपये होल्ड झालेत. ते अजून सोडवून घ्यायचे आहेत. बाकी गेले.

मुलीने पैशांबद्दल अवाक्षर काढलं नाही. एवढंच म्हणाली, "आई, पोलिसांकडे सहा चकरा मारल्यास, कामोठ्याला एक मार. त्या माणसांना काय झालं ते तू सांग." ठाण्याहून मानसरोवरला, म्हणजे कामोठ्याच्या स्टेशनला, लोकल सरळ जाते. दोनदा तिकीट काढलं. दोनदा कळव्याला परत आले.