स्ट्रेटनिंग किट वर्षभर वापरून: क्रीमबद्दल तक्रार नाही, दुसऱ्या बाटलीबद्दल आहे

मानेवरच्या केसांचे तुकडे कंगव्यात यायला लागले, तेव्हा मी कंपनीला पहिला मेल केला. ते गळालेले केस नव्हते. गळालेल्या केसाच्या टोकाला मुळाचा पांढरा ठिपका दिसतो, इथे तो नव्हता. बोटाच्या पेराएवढे, मधूनच तुटलेले तुकडे होते. वरचे आणि समोरचे केस मात्र सरळ, मऊ, भांग पाडला की जागच्या जागी राहणारे. डोकं एक, क्रीम एक, दिवस एक, आणि निकाल दोन.

नाव मुद्दाम घेत नाही, कारण दुकानात शेजारी ठेवलेली इतर खोकीही मी उलटूनपालटून पाहिली आणि थोड्याफार फरकाने तोच प्रकार आहे. थायोग्लायकोलेटवालं (थोडक्यात थायो, केस सरळ करता यावेत म्हणून ते आतून सैल करणारं रसायन) नेहमीचं रीबॉन्डिंग किट: क्रीमची भलीमोठी ट्यूब, क्रीमनंतर लावायच्या न्यूट्रलायझरची लहानशी बाटली, हातमोजे, माहितीपत्रक. खोक्यावर 'खांद्यापर्यंतच्या केसांसाठी' असं ठळक लिहिलेलं. माझे केस खांद्याला जेमतेम टेकतात. तरीही न्यूट्रलायझर कानामागे पोहोचेपर्यंत संपत आला, आणि क्रीम एक तृतीयांश उरलं.

लावायचं काम वहिनींनी केलं. लग्नाआधी त्या पार्लरमध्ये होत्या, त्यामुळे हात सफाईदार. बाटली दाबून दाबून शेवटचे थेंब काढताना त्या म्हणाल्या, "अगं, मागच्या केसांना नुसता ओलावा लागतोय, ते भिजत नाहीयेत." कस्टमर केअरला मी हे जसंच्या तसं कळवलं. उत्तर आलं की केस आधीपासून डॅमेज असतील. पुन्हा लिहिलं, तर "क्रीम कमी प्रमाणात वापरा." प्रश्न क्रीमचा नव्हताच.

तो का नव्हता, हे नीट सांगते, कारण किटच्या माहितीपत्रकात या भागाला दीड ओळ दिली आहे. केस म्हणजे केराटिन हे प्रथिन. त्याच्या साखळ्या एकमेकींना गंधकाच्या पुलांनी जोडलेल्या असतात, त्यांना डायसल्फाइड बंध म्हणतात. नुसत्या इस्त्रीने केस सरळ होतात तेव्हा फक्त हायड्रोजन बंध बदलतात, म्हणून पाणी लागलं की वळण परत येतं. थायोचं क्रीम अल्कधर्मी असतं, पीएच साधारण 9 ते 9.5. ते केसाला फुगवून आत शिरतं आणि डायसल्फाइड बंधांपैकी बरेचसे सोडवतं. त्या अवस्थेत केस सरळ करता येतो, पण तो कमकुवतही झालेला असतो. सुटलेले बंध नव्या, सरळ जागी पुन्हा जोडायचं काम न्यूट्रलायझरचं: हायड्रोजन पेरॉक्साइडचं सौम्य द्रावण, बहुधा 2 टक्क्यांच्या आसपास, किंवा सोडियम ब्रोमेट. ही पायरी अर्धवट राहिली तर शिवण उसवून टाके न घालता कपडा अंगावर चढवल्यासारखं होतं.

पहिले दोनेक महिने माझं मत होतं की क्रीम जास्त जहाल आहे. तसा रिव्ह्यू मी लिहूनही ठेवला होता. मत बदललं ते वासामुळे. न्हाल्यावर केस ओले असताना थायोचा तो विशिष्ट, गंधकासारखा वास फक्त मानेजवळ यायचा, वर नाही. मग वहिनींनी दोन्हीकडचा एकेक ओला केस दोन बोटांत धरून हळूच ताणला. निरोगी ओला केस साधारण 30 टक्क्यांपर्यंत ताणला जातो आणि सोडल्यावर मागे येतो. वरचा केस मागे आला. मानेवरचा लांबत गेला, पांढुरका झाला, आणि लोंबत राहिला. क्रीम दोन्हीकडे सारखंच लागलं होतं. कमी पडलं होतं ते दुसऱ्या बाटलीतलं.

म्हणून जे पुन्हा घेणार आहेत त्यांना आधी हेच सांगते: किट उघडायच्या आत त्याच कंपनीच्या न्यूट्रलायझरची वेगळी बाटली आणून ठेवा. ती मिळत नसेल तर दोन किट घ्या किंवा बेतच रद्द करा. काटकसर मलाही कळते, मी शाम्पूची बाटली कापून आतलं पुसून घेणारी बाई आहे. पण इथे पाणी घालून पुरवू नका. केस रंगवायचं डेव्हलपरही त्याऐवजी ओतू नका. त्या बाटलीवरचं 20 व्हॉल्यूम म्हणजे 6 टक्के पेरॉक्साइड, थायोने नुकत्याच सैल पडलेल्या केसाला ते जड जातं आणि रंगही उतरवू शकतं.

दुसऱ्या वेळी, सहा महिने उलटल्यावर, फक्त मुळांशी आलेल्या नव्या केसांना लावलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, त्यामुळे तोवर वरचा कुरळा पट्टा स्पष्ट दिसत होता. आधी सरळ केलेल्या भागावर क्रीम पुन्हा जाऊ द्यायचं नाही, हा नियम वहिनींनी फार काटेकोरपणे पाळला. जुन्या भागाला कंडिशनर चोपडून ठेवला, म्हणजे चुकून क्रीम लागलं तरी थेट आत जाणार नाही. मानेवरच्या तुटक्या केसांना हात लावला नाही. ते कापले.

तयारी दोन दिवस आधी सुरू झाली. कानामागे पॅच टेस्ट, म्हणजे थोडंसं लावून त्वचेला खाज किंवा पुरळ येतं का ते पाहणं, 48 तास वाट. मानेकडची आतली एक बारीक बट घेऊन तिच्यावर क्रीम, इस्त्री, न्यूट्रलायझर असा पूर्ण प्रयोग. नुसतं क्रीम लावून पाहणं म्हणजे स्ट्रँड टेस्ट नव्हे. आदल्या दिवशी डोकं धुवायचं नाही, टाळू खाजवायचा नाही, ओरखडा किंवा पुरळ असेल तर पुढे ढकलायचं. कपाळाच्या कडेला आणि कानांवर व्हॅसलीन. क्रीम टाळूपासून थोडं सोडून लावायचं. मग दर थोड्या मिनिटांनी एक केस काढून कंगव्याच्या शेपटीला गुंडाळून बघायचं: सोडल्यावर तो सैल वळणातच राहिला की थांबायचं, पत्रकातली वेळ शिल्लक असली तरी. डोळ्यात गेलं तर लगेच साध्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून डॉक्टरकडे.

क्रीम धुतल्यावर केस पूर्ण, अगदी पूर्ण कोरडे. ओलसर केसावर तापलेली इस्त्री टेकली की चर्र आवाज येतो, कारण केसाच्या आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते. त्याने आत बुडबुडे तयार होतात आणि केस तिथेच मोडतो. बारीक बटा, 180 अंश, प्रत्येक बटेवर मोजके फेरे.

आणि मग दुसरी बाटली. या वेळी वहिनींनी मानेपासूनच सुरुवात केली. प्रत्येक बट बोटांमध्ये धरून, द्रावण ओघळेपर्यंत भिजवून, सपाट ठेवून, पत्रकातली पूर्ण वेळ. किटमधली बाटली संपून जादाची अर्ध्यावर आली. म्हणजे माझ्या लांबीला, आणि तेही नुसत्या मुळांसाठी, किटमधला साठा दीडपट हवा होता. हे मी कंपनीला लिहिलं आहे, बाटलीवरच्या मापासकट. उत्तर अजून नाही.

या बाटलीचा आणखी एक धोका खोक्यावर कोपऱ्यात छापलेला असतो. मेंदीच्या काही पाकिटांत आणि केस हळूहळू काळे करणाऱ्या काही रंगांत धातूंचे क्षार असतात. पेरॉक्साइडशी त्यांची गाठ पडली की केस तापतो, वाफ निघते आणि तुटतो. असं काही लावलेलं असेल तर तो भाग कापला जाईपर्यंत थांबा. ब्लीच केलेल्या केसांवर थायो नको. आणि पूर्वी सोडियम किंवा ग्वानिडिन हायड्रॉक्साइडचं रिलॅक्सर, म्हणजे केस सरळ करणारं वेगळ्या प्रकारचं क्रीम, झालं असेल, तर त्याच केसांवर थायो कधीच नको: दोन्ही रसायनं एकत्र आली की केस गळून हातात येतो. त्या रिलॅक्सरसोबत मिळणारा न्यूट्रलायझर अल्कली काढणारा आम्लधर्मी शाम्पू असतो. तो इथे चालत नाही, आणि इथला तिथे चालत नाही.

एवढ्या कटकटीपेक्षा केराटिन ट्रीटमेंट का नाही, असं बहिणीने विचारलं. कारण सांगते. त्यातल्या अनेकांत फॉर्मल्डिहाइड किंवा तापवल्यावर ते सोडणारं रसायन असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसात कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. 'फॉर्मल्डिहाइडमुक्त' लिहिलेल्या बऱ्याच उत्पादनांत ग्लायऑक्सिलिक आम्ल असतं. अशा क्रीमनंतर एका तरुणीची मूत्रपिंडं पुन्हा पुन्हा बिघडल्याची नोंद 2024 मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आली आहे. बंद खोलीत ती वाफ घ्यायला मी तयार नाही.

पण थायोला मी निर्धोक म्हणत नाही. 2022 मध्ये अमेरिकेत 33,497 स्त्रियांच्या पाहणीतून असं दिसलं की केस सरळ करायची रसायनं वारंवार, म्हणजे वर्षात चारपेक्षा जास्त वेळा, वापरणाऱ्यांत सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचं अनुमानित प्रमाण 4.05 टक्के, आणि न वापरणाऱ्यांत 1.64 टक्के. त्यात कोणत्या रसायनाचा किती वाटा, हे वेगळं नोंदवलेलं नव्हतं. मी यापुढे वर्षातून एकदाच, फक्त मुळांना, खिडक्या उघड्या ठेवून, एवढ्यावर मर्यादा घातली आहे. त्याहून लवकर वळण दिसलं तर दिसू दे.

आत्ताची स्थिती: मुळं आणि मान दोन्हीकडे सारखी सरळ, न्हाल्यावर वास कुठेच नाही, ओला केस ताणला की मागे येतो. क्रीमला माझे पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो टाळूजवळ होणाऱ्या चुरचुरीसाठी. किटला दोन. न्यूट्रलायझरची बाटली क्रीमच्या ट्यूबइतकी केली की मी ते पाचवर नेईन, आणि त्या दिवशी हा रिव्ह्यू बदलेन.