पॉवरशेलमधून एसक्यूएल सर्व्हर: आडत पेढीच्या ऑफिसातला रिव्ह्यू

तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटमधल्या एका आडत पेढीचा कॉम्प्युटर विभाग म्हणजे मी एकटी. आमचा डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेसवर आहे, कारण तो फुकट मिळतो आणि शेठना एवढं कारण पुरतं. 2022 च्या आवृत्तीत एका डेटाबेसला 10 जीबीची मर्यादा आहे, आमच्या पट्ट्या त्यात आरामात मावतात. अडतं ते दुसरीकडेच. एक्सप्रेसमध्ये एसक्यूएल एजंट येत नाही, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप क्वेरी, म्हणजे डेटाबेसला घातलेला प्रश्न, चालवायची सोयच नाही. म्हणून विंडोजच्या टास्क शेड्युलरला (ठरल्या वेळी कामं सुरू करणारी सोय) पॉवरशेल, म्हणजे विंडोजला लेखी हुकूम द्यायचं साधन, जोडलं आणि त्याच्या एसक्यूएलसर्व्हर या जोड-मोड्यूलमधली इन्व्होक-एसक्यूएलसीएमडी ही कमांड वापरायला घेतली. हा रिव्ह्यू तिचा.

आधी गुण. एसक्यूएलसीएमडी या जुन्या कमांडमधून क्वेरी चालवली की हातात नुसता मजकूर पडतो. रकान्यांखाली रेघा, तळाला किती ओळी आल्या त्याचा आकडा, आणि ते सगळं छाटत बसा. इथे प्रत्येक ओळ ऑब्जेक्ट होऊन येते, रकान्याच्या नावाने हाक मारली की मूल्य हजर. पुढे गाळणी लावा, तालुक्यानुसार गट करा, उभी रेघ (|) ओढून, एक्सेलमध्ये उघडणारी सीएसव्ही फाइल बनवणाऱ्या एक्सपोर्ट-सीएसव्हीकडे ढकला. पहाटे गाड्या खाली होत असतानाच आदल्या दिवशीची आवक, हमाली-तोलाई वजा जाऊन देणं किती, ही फाइल दिवाणजींच्या फोल्डरमध्ये पडलेली असते. माझी लोकल तेव्हा जुईनगरलाही आलेली नसते.

आता मराठीचं काय, ते ऐका. विंडोजसोबत येणारं पॉवरशेल 5.1 घेतलंत, तर एक्सपोर्ट-सीएसव्ही काही न सांगता आस्कीमध्ये, म्हणजे इंग्रजीपुरत्या अक्षरसंचात, लिहिते आणि देवनागरी अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. पहिली फाइल उघडून दिवाणजी म्हणाले, "ताई, पैसे या प्रश्नचिन्हांच्या नावावर पाठवू का?" एन्कोडिंग यूटीएफ-8 (सगळ्या लिपी मावणारी पद्धत) द्या, प्रश्न मिटतो. पॉवरशेल 7 मध्ये यूटीएफ-8 आपोआप मिळतं, पण बीओएमशिवाय, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला एन्कोडिंग सांगणाऱ्या खुणेशिवाय. मग तीच फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली की लासलगावची भलतीच चिन्हं दिसू शकतात. तिथे यूटीएफ-8-बीओएम असं मुद्दाम सांगावं लागतं.

एवढ्यावर भागत नाही. क्वेरीत थेट 'मंचर' लिहायचं असेल तर कोटेशनच्या आधी कॅपिटल एन हवाच, नाहीतर शोध मंचरचा न होता प्रश्नचिन्हांचा होतो आणि कुठली एररही येत नाही. स्क्रिप्टची फाइल 5.1 साठी असेल तर तीही बीओएमसकट सेव्ह करा. आणि मुळात रकानाच एनव्हारचार (सगळ्या लिपी साठवणारा) नसेल, साधा व्हारचार असेल (एसक्यूएल सर्व्हर 2019 पासून आलेलं यूटीएफ-8 कोलेशन, म्हणजे अक्षरांचा नियम, सोडून), तर नाव साठवतानाच गेलेलं असतं, पॉवरशेलला बोल लावू नका. जुन्या काळ्या खिडकीत देवनागरीचे चौकोन दिसले तर मात्र घाबरायचं कारण नाही, तो फक्त दाखवण्यातला दोष असतो.

एसक्यूएलसर्व्हर मोड्यूलच्या आवृत्ती 22 पासून सर्व्हरशी जोडणी एन्क्रिप्टेडच (कुलूपबंद) हवी, असा नियम डीफॉल्ट झाला आहे. आमच्यासारख्या एका खोलीतल्या सर्व्हरवर स्वतःच बनवलेलं सर्टिफिकेट असतं, त्यामुळे ते विश्वासार्ह नाही अशी एरर येते. कमांडला ट्रस्टसर्व्हरसर्टिफिकेट हा पर्याय जोडला की काम चालतं. ऑफिसच्या आतल्या नेटवर्कपुरतं ठीक, बाहेरच्या सर्व्हरला असं करू नये. मोठा मजकूर असलेल्यांनी आणखी एक ध्यानात ठेवा: मॅक्सचारलेंग्थ या पर्यायातली मर्यादा वाढवली नाही तर 4000 अक्षरांपुढचं गुपचूप कापलं जातं.

मी गुण खरे कापते ते व्हेरिएबलवर. या कमांडचा व्हेरिएबल पर्याय दिसायला पॅरामीटरसारखा (क्वेरीला वेगळं दिलेलं मूल्य), पण आत निव्वळ मजकूर चिकटवतो. वसईच्या डि'सोझांचं नाव दिलं की त्यातला तो वरचा स्वल्पविराम कोटेशन बंद करतो आणि क्वेरी कोलमडते. नुसती कोलमडली तर नशीब म्हणायचं. कोणी मुद्दाम काही टाइप केलं तर टेबलच पुसलं जाईल. माणसाने टाइप केलेलं काहीही मी या वाटेने आत जाऊ देत नाही.

त्यासाठी डीबीएटूल्स हे मोफत, ओपन सोर्स मोड्यूल घेतलंय. त्यातल्या इन्व्होक-डीबीएक्वेरीला एसक्यूएलपॅरामीटरमध्ये नाव-मूल्याची जोडी द्यायची. डि'सोझा सुखरूप आत जातात, आणि मूल्य युनिकोड म्हणूनच पोचत असल्याने तो कॅपिटल एनही लागत नाही. एवढ्या एका कामासाठी मोड्यूल अवजड आहे. शेकडो कमांड्स येतात आणि जुन्या पीसीवर लोड व्हायला अंमळ वेळ लागतो. दोन गोण्यांसाठी आख्खा ट्रक बोलावल्यासारखं वाटतं खरं, पण बॅकअप घेणं आणि तो दुसरीकडे उतरवून तपासणं हीदेखील कामं त्यातच होतात, म्हणून ठेवलाय.

इन्व्होक-एसक्यूएलसीएमडीला पाचात साडेतीन. वाचायचे रिपोर्ट सगळे तिच्याकडे. नोंदी घालणं, दुरुस्त करणं डीबीएटूल्सकडे, त्याला साडेचार. एक्सप्रेसवर पेढी चालवणाऱ्या कोणालाही मी हीच जोडी सांगेन. पॉवरशेल 7 वेगळं टाकून घ्या, ते 5.1 च्या शेजारी सुखाने नांदतं. फक्त टास्क शेड्युलरमध्ये पीडब्ल्यूएसएच-डॉट-एक्सई लिहा, पॉवरशेल-डॉट-एक्सई लिहिलंत तर 5.1 च चालतं.