गावचं घर विकायला काढताय? रंगवून दाखवावं की आहे तसं?

सोयाबीन विकलं गेलं, कापसाचा पहिला वेचा घरात आला, की आमच्याकडे घर-जागेच्या गोष्टी निघतात. दिवाळीला गावी आलेली नागपूर-पुण्याची मुलं ओसरीत बसून एकच विचारतात: जुनं घर रंगवून गिऱ्हाईकाला दाखवायचं, की झाडून-सारवून आहे तसंच? आर्वी तालुक्यातलं आमचं मातीच्या भिंतींचं, कवेलूचं घर विकताना आम्ही आधी पहिली वाट धरली आणि मग दुसरीवर आलो.

पहिल्या वाटेत आम्ही समोरच्या खोलीला सिमेंटची छपाई केली आणि वरून प्लास्टिक रंग दिला. फोटो सुरेख आले आणि ते पाहून बाहेरगावचे फोनही आले. पण मातीची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि उन्हात सोडते. तिचं तोंड सिमेंटनं आणि रंगानं बंद केलं की ओल आतच कोंडते. एक पावसाळा गेला आणि पोपडे सुटले. दसऱ्यानंतर घर पाहायला आलेल्या शेजारगावच्या एका काकांनी भिंतीवर बोटानं टकटक केली. आतून पोकळ आवाज आला. "रंग त मस्त हाय, पन भिंत कावून फुगली जी?" त्यानंतर विहिरीला बारा महिने पाणी असतं हे आमचं खरं बोलणंही त्यांना पटेना. मला खर्चापेक्षा याचं वाईट जास्त वाटलं.

दुसरी वाट साधी आहे. सुटलेली छपाई काढून टाकली, मातीनं भिंत लिंपली आणि चुन्याचे दोन हात दिले. चुन्यातून ओल बाहेर पडते, भिंत कोरडी राहते. फुटके कवेलू बदलून छत फेरून घेतलं. उधई लागलेला एक वासा काढला, चौकटींना जळकं ऑइल लावलं (हे निदान पंधरा दिवस आधी करा, वास जात नाही). कोठ्यातलं भंगार विकलं, आंगणात सडा टाकला. चार मजूर, एक आठवडा. पहिल्या वाटेच्या मानानं खर्च किरकोळ.

आणि दुसरी वाट पैशाच्या हिशेबानंही बरी, कारण गावात गिऱ्हाईक बहुतेकदा जागा, रस्ता, पाणी आणि छताचं सागवान पाहतं. पुष्कळ जण घर पाडून स्लॅब टाकणार असतात. त्यांच्या लेखी तुमच्या रंगाची किंमत शून्य. तुमचं घर मात्र स्लॅबचं असेल, डांबरी रस्त्यावर असेल आणि घेणारा लगेच राहायला येणारा नोकरदार असेल, तर रंग जरूर द्या. तिथे तो वसूल होतो. फक्त आधी स्लॅबची गळती बंद करा, मग ब्रश हातात घ्या.

भेगांबद्दल वेगळं सांगतो. आपली काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, म्हणून खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग जाते. ती बुजवून वर रंग मारण्याचा मोह होतो. मारू नका. वरवर न दिसणारा, पण विकणाऱ्याला ठाऊक असलेला मोठा दोष घेणाऱ्याला सांगणं हे 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम 55 नं विकणाऱ्यावर टाकलेलं कर्तव्य आहे. आम्ही पुढच्या गिऱ्हाईकाला भेग स्वतःहून दाखवली, किती वर्षांपासून आहे तेही सांगितलं. भाव थोडा तुटला, बोलणं तुटलं नाही.

बंद घर दाखवायचं की राहतं? किल्ली शेजाऱ्याकडे देऊन मोकळं होणं सोपं, पण बंद घरात वटवाघळं, कुबट वास आणि जाळी गिऱ्हाईकाच्या आधी पोचलेली असतात. शक्य असेल तर आठ दिवस जाऊन राहा. चूल पेटू द्या, दिवे-मोटर चालू ठेवा. एवढंच पाहा, की भावाची बोलणी चालू असताना आईला तिथे बसवू नका. ज्या घरात ती लग्न होऊन आली, त्याचे दोष परक्याच्या तोंडून ऐकणं तिला फार लागतं.

वेळेचं म्हणाल, तर दिवाळी ते संक्रांत उत्तम. हातात पीकपाण्याचा पैसा असतो. मे महिन्यातच दाखवावं लागलं तर टिनाचं आणि स्लॅबचं घर सकाळी आठच्या आत दाखवा. मातीचं कवेलूचं मात्र मुद्दाम भर दुपारी. बाहेर 45 अंश तापलेलं असताना आतला गारवा लागतो, तिथे दुसरं काही सांगावं लागत नाही.

गिऱ्हाईक बोलावण्याआधी कागद काढा. ग्रामपंचायतीचा नमुना 8 ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. 2020 पासूनच्या स्वामित्व योजनेत तुमच्या गावठाणाची ड्रोननं मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका मिळवा. वडिलांच्या माघारी वारसनोंद झाली नसेल तर ती आधी, आणि बहिणींशी बोलणं त्याच्याही आधी. त्यांचा हिस्सा आहे, सहीही लागेल.

विहीर असेल तर दोर-बादली काठावर ठेवा. आमचं घर ज्यांनी घेतलं त्यांनी भेग पाहिली, काही न बोलता विहिरीवर गेले, स्वतः एक बादली ओढली आणि ओंजळीनं पाणी पिऊन मग भाव विचारला.