प्रदर्शन घरातून बघायचं, तर कशावर?

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि मुंबईतली कलादालनं एका झटक्यात बंद झाली. कोचीचं बिएनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं मोठं कलाप्रदर्शन, डिसेंबर २०२० मध्ये भरायचं होतं, ते भरलं थेट डिसेंबर २०२२ मध्ये. पणजीतला सेरेंडिपिटी कलामहोत्सव २०२० मध्ये ऑनलाइन झाला. बंगळुरूच्या ‘मॅप’ या संग्रहालयाने तर इमारत खुली होण्याआधीच, डिसेंबर २०२० मध्ये, आपलं उद्घाटन इंटरनेटवर उरकून घेतलं. इमारतीचे दरवाजे उघडायला फेब्रुवारी २०२३ उजाडलं.

त्या काळात घरबसल्या कला बघण्याच्या ज्या सोयी झाल्या, त्या साथ ओसरल्यावरही राहिल्या. नांदेडला, चिपळूणला किंवा डॅलसला राहून मुंबई-गोवा-कोचीकडची आजची कला बघायची असेल तर मुख्यतः चार पर्याय आहेत: गॅलरीची ऑनलाइन ‘व्ह्यूइंग रूम’ (कामं मांडून दाखवणारं संकेतस्थळावरचं पान), ३६० अंशांची फेरी, चित्रकार किंवा क्युरेटर (प्रदर्शनात काय आणि कसं मांडायचं हे ठरवणारा) बोलत बोलत दाखवतो तो व्हिडिओ, आणि संग्रहालयांनी चढवलेली बारकाव्यांसकट मोठी करता येणारी छायाचित्रं. यातलं काय निवडायचं ते कलाकृती कुठल्या जातीची आहे त्यावर ठरतं. एक मत मात्र आधीच सांगून टाकते: सगळ्यात दिमाखदार दिसणारी ३६० अंशांची फेरी माझ्या यादीत तळाशी आहे.

ही फेरी म्हणजे दालनात ठरावीक जागी कॅमेरा उभा करून घेतलेली आणि एकमेकांना जोडलेली छायाचित्रं. बघणाऱ्यालाही त्याच जागी उभं राहावं लागतं. हवं ते चित्र दोन जागांच्या मध्ये टांगलेलं असलं की ते तिरकंच दिसणार. जवळ जावं तर रंग फुटतात, शेजारची माहितीची पाटी वाचता येत नाही, आणि साध्या फोनवर हे सगळं उघडेपर्यंत चहा निवतो. एकच गोष्ट तिच्यात मिळते जी बाकी कुठे मिळत नाही: कामांचा शेजार. कुठल्या चित्रासमोर कुठलं टांगलं आहे, मध्ये किती भिंत मोकळी सोडली आहे, आत शिरताच आधी काय दिसतं. कलामहाविद्यालयात मांडणी शिकणाऱ्यांनी ती जरूर बघावी. इतरांनी पाच मिनिटं फिरून बाहेर पडावं.

व्ह्यूइंग रूमचा हेतू उघड आहे: विक्री. मार्च २०२० मध्ये आर्ट बाझेल या आंतरराष्ट्रीय कलाविक्री-मेळ्याची हाँगकाँगची आवृत्ती रद्द झाल्यावर ती अशाच ऑनलाइन खोल्यांमध्ये भरली. पुढे भारतातल्या आणि दुबईतल्या काही गॅलऱ्यांनी एकत्र येऊन ‘इन टच’ हे सामाईक व्यासपीठ काढलं. मुंबईकरांना हे सगळं अगदीच नवं नव्हतं. इथली सॅफ्रनआर्ट २००० सालापासून कलाकृतींचे लिलाव ऑनलाइन करतेच आहे. अशा खोलीत काम सरळ, स्वच्छ प्रकाशात दिसतं, माप आणि माध्यम लिहिलेलं असतं, कधी किंमतही. दालनात शिरून टेबलामागच्या माणसाला किंमत विचारायचा संकोच ज्यांना वाटतो (मला अजून वाटतो) त्यांच्यासाठी ही जागा बरी. फक्त चित्र पांढऱ्या भिंतीवर, बाकासमोर टांगलेलं दाखवतात, त्यावर आकाराच्या बाबतीत विसंबू नये. ती भिंत बहुतेकदा संगणकावर बनवलेली असते. माप वाचावं, टेप घेऊन ते आपल्याच भिंतीवर मोजावं. मग कळतं की स्क्रीनवर भव्य वाटलेलं काम वहीएवढं आहे, किंवा उलट.

माझी पहिली पसंती बोलक्या व्हिडिओला. कॅमेरा चित्रासमोरून आडवा सरकतो तेव्हा उजेड रंगाच्या थरांवरून घसरतो आणि पोत दिसतो. स्थिर छायाचित्रात तो सहसा सपाट होतो. दुसरं म्हणजे कुणीतरी आपल्याला थांबवतं. सुधीर पटवर्धनांची चित्रं घ्या. ठाण्यात वर्षानुवर्षं रेडिओलॉजिस्टचा व्यवसाय करत त्यांनी रेल्वेचे पूल, चाळी, रस्त्यावरची माणसं रंगवली. अशा गर्दीच्या चित्रावरून फोनवर बोट फिरवलं तर चार सेकंदांत ‘बघून झालं’ असं वाटतं. पण कुणी म्हणालं, ‘डाव्या कोपऱ्यातल्या त्या माणसाचे खांदे बघा,’ की चित्र वेगळंच उघडतं. व्हिडिओची दुखणीही आहेत. टाळेबंदीतली इन्स्टाग्रामवरची कितीतरी थेट प्रक्षेपणं हलती, उभ्या चौकटीतली होती, आणि जपून न ठेवल्याने गेली ती गेलीच. क्युरेटरचं इंग्रजी अनेकदा चित्रापेक्षा अवघड असतं. मराठीत बोलणारे फार थोडे. सापडले तर सोडू नयेत.

मोठी करता येणारी छायाचित्रं सपाट आणि बारीक कामासाठी: रेखाटनं, मुद्राचित्रं, छायाचित्रं, लघुचित्रांच्या वळणाची आजची चित्रं. मॅपचा संग्रह आणि भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय ज्यावर आहे ते गूगल आर्ट्स अँड कल्चर, इथून सुरुवात करावी. लॅपटॉप घ्यावा, आणि डोळ्यांसाठी लावलेली पिवळट छटा बंद करावी, नाहीतर निळ्याचा राखाडी होतो.

मांडणशिल्पांचं, म्हणजे अख्खी खोली किंवा जागाच कलाकृती होते अशा कामांचं काय? इथे चारही पर्याय थकतात. शिल्पा गुप्ता यांच्या २०१८ च्या कोची बिएनालेत असलेल्या कामात अंधाऱ्या खोलीत शंभर मायक्रोफोन टांगलेले आहेत आणि त्यांतूनच तुरुंगवास भोगलेल्या कवींच्या ओळी ऐकू येतात. आवाज एका बाजूने उठतो, दुसरीकडून उत्तर येतं. लॅपटॉपच्या दोन स्पीकरांवर त्याचा गोंगाट होतो. हेडफोन लावले तर थोडं हाती लागतं. जितीश कल्लाट यांच्या ‘कव्हरिंग लेटर’मध्ये गांधीजींनी १९३९ मध्ये हिटलरला लिहिलेलं पत्र धुक्याच्या पडद्यावर उमटतं आणि बघणारा त्यातून चालत जातो. त्याचा व्हिडिओ बघणं म्हणजे दुसऱ्याला भिजताना बघणं. अशा कामांबद्दल वाचावं, मुलाखत ऐकावी, आणि जाणं जमेल तेव्हासाठी राखून ठेवावं.

याच्या अगदी उलट चित्रकार नलिनी मालानी. आयपॅडवर हाताने काढलेली छोटी, चिडलेली, वेगवान ॲनिमेशन्स त्या टाळेबंदीच्या आधीपासून इन्स्टाग्रामवर टाकत होत्या. २०२० मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल गॅलरीत तीच भिंतीभर प्रक्षेपित झाली. म्हणजे फोनवर बघणारा इथे दुय्यम प्रत बघत नाही. काम आधी फोनवरच आलं होतं. घरून बघायला कुठून सुरुवात करू असं कुणी विचारलं तर मी हेच नाव सांगते.

विकत घ्यायचा विचार असेल तर मात्र कुठल्याच एका पर्यायावर थांबू नका. व्ह्यूइंग रूममध्ये काम ठरवा, मग गॅलरीकडून दिवसाच्या उजेडात, फोनवर काढलेला साधा व्हिडिओ मागा: कडा, सही आणि चित्राची मागची बाजू दिसेल असा. कामाच्या स्थितीचा लेखी अहवाल मागा. फ्रेम धरून किंमत आहे की सोडून, आणि वाहतुकीचा विमा कोण भरणार, हेही पैसे पाठवण्याआधीच विचारून घ्या.