दिल्ली-काठमांडू: जास्तीचे पैसे देऊन खिडकी घ्यावी का? हो, पण डावीकडचीच

जाताना डावीकडची म्हणजे ए सीट आणि येताना उजवीकडची एफ, यात फार डोकं लावायचं कारण नाही, अख्खा हिमालय उत्तरेला पसरलाय आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेकडे असतो म्हणून काचेवर चमक पण येत नाही. आकाश साफ असेल तर आधी धौलागिरी (८१६७ मीटर), मग अन्नपूर्णा, मग मनास्लू, म्हणजे आठ हजारी तीन शिखरं बसल्या जागी!! पावसाळ्यात जाणार असाल तर मात्र पैसे वाचवा, नुसता कापूस दिसेल.

आता रांग. मधल्या रांगांत खाली पंखच दिसतो आणि पंखाच्या लगेच मागे बसलात तर इंजिनाच्या गरम हवेने फोटो थरथरल्यासारखे येतात. मी शेवटून तिसरी-चौथी रांग घेतो, उतरायला उशीर होतो पण चालतंय की. आणि हो, बोइंग ७३७ असेल तर पंखाच्या थोडं पुढे डावीकडे एका रांगेला खिडकीच नसते, तिथून एसीचा पाइप वर जातो, तेव्हा बुकिंगआधी सीटमॅप बघाच, पैसे खिडकीचे देऊन भिंत बघत बसायचं म्हणजे काय राव.

एव्हरेस्ट काठमांडूच्याही पुढे पूर्वेला आहे, त्याच्या भरवशावर हे तिकीट काढू नका. त्यासाठी काठमांडूहून सकाळी वेगळी माउंटन फ्लाइट असते, साधारण तासाभराची. महाग आहे. पण जा.