ब्रिज पिकअप बदलताना: फिफ्टी-नाइन, जेबी, सुपर डिस्टॉर्शन की ईएमजी ८१?

पिकअप म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच्या तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा चुंबक आणि तारेचे वेढे; ब्रिज पिकअप तारा बॉडीवर टेकतात त्या टोकाचा. नाशिकमध्ये चार पिकअप शेजारी ठेवून, वाजवून निवडायची सोय सहसा मिळत नाही. आकडे वाचून मागवावा लागतो, आणि त्यातला सर्वांत फसवा आकडा डीसी रेझिस्टन्सचा, म्हणजे वेढ्यांच्या विद्युत विरोधाचा. ‘१६ किलोओहम म्हणजे ८ च्या दुप्पट दणका’ हा हिशोब चुकीचा आहे. तार बारीक असली की तेवढ्याच वेढ्यांत ओहम वाढतात. जोर ठरतो तो चुंबक आणि वेढे मिळून. दिमार्झिओचीच दोन मॉडेलं बघा. टोन झोन १७ किलोओहमच्या वर, सुपर डिस्टॉर्शन १४ च्याही खाली, तरी कंपनीच्या आकड्यांप्रमाणे जास्त आउटपुट सुपर डिस्टॉर्शनचा: ४२५ मिलिव्होल्ट विरुद्ध ३७५. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण ०.४ टक्के वाढतो. डिसेंबरात १५ अंशांच्या खोलीत मोजलेला १६ किलोओहमचा पिकअप मे महिन्यात ३८ अंशांना जवळपास दीड किलोओहम जास्त दाखवेल. त्यावरून माल खोटा ठरवू नका.

खर्च करण्याआधी आहे तोच पिकअप नीट लावून ऐका. शेवटच्या फ्रेटवर तार दाबा आणि तार ते पोल (तारेखालचा धातूचा खुंट) अंतर मोजा, ब्रिजला १.६ मिलिमीटरपासून सुरुवात करा. स्वस्त गिटारींमध्ये पिकअप कित्येकदा ४-५ मिलिमीटर खाली बसवलेला असतो. ‘आवाजात दम नाही’ ही तक्रार तेवढ्यानेच पुष्कळ कमी होते.

आता निवड. खरी अडचण बहुतेकांना सेमूर डंकनच्या फिफ्टी-नाइन आणि जेबी यांच्यात पडते. दोन्हीत अल्निको ५ चुंबक, पण स्वभाव वेगळे. फिफ्टी-नाइन साधारण ८ किलोओहमचा, जुन्या गिब्सन हमबकरच्या (हम म्हणजे गुणगुण दाबणारा दोन कॉइलचा पिकअप) वळणाचा: मधला भाग थोडा मागे, खर्ज घट्ट, कॉर्डमधला प्रत्येक स्वर सुटा. व्हॉल्यूम ६ वर आणला की स्वच्छ होतो. ब्लूज, मराठी-हिंदी गाण्यांची साथ, कमी गेनचा (कमी फाटलेल्या आवाजाचा) रॉक यासाठी आमचं मत सरळ याच्या बाजूने. मात्र कॉइल स्प्लिट केल्यावर, म्हणजे दोनपैकी एकच कॉइल चालू ठेवल्यावर, उरतात ४ किलोओहम, आणि आवाज फार बारीक होतो.

जेबी १६ किलोओहमच्या आसपास. वरचा मध्य पुढे येतो, सोलो गर्दीतून वर निघतो, स्प्लिट केल्यावरही अंग उरतं. पण आधीच तीक्ष्ण वाजणाऱ्या गिटारीत, विशेषतः मेपल फ्रेटबोर्ड आणि लहान ॲम्प असेल तर, तोच वरचा मध्य कानाला टोचतो. अशा वेळी ५०० के (किलोओहम) ऐवजी २५० केचा व्हॉल्यूम पॉट (बटणाखालचा बदलता रेझिस्टर) लावा. टोक बोथट होतं आणि जेबी ताळ्यावर येतो. जाड महोगनी बॉडीत ५०० केच ठेवा.

सुपर डिस्टॉर्शन १९७२ पासूनचा, सिरॅमिक चुंबकाचा. ट्यूब ॲम्पच्या तोंडावर जोर देऊन त्याला फाडायला लावणं हेच त्याचं काम. तुम्ही मॉडेलिंग ॲम्प किंवा पेडलमधून गेन घेत असाल तर त्या जोराची गरज उरत नाही. इनपुट आधीच भरतो आणि स्वच्छ आवाज गढूळ होतो. फ्लॅटमध्ये १५-२० वॅटच्या ॲम्पवर वाजवणाऱ्याने हा घेऊ नये.

ईएमजी ८१ ॲक्टिव्ह आहे, म्हणजे आत स्वतःचा छोटा प्रीॲम्प: ९ व्होल्टची बॅटरी, २५ केचे पॉट, स्टिरिओ जॅक. ५०० केच्या पॉटवर व्हॉल्यूम जवळपास स्विचसारखा वागतो, आणि २५ केवर शेजारचा साधा नेक (गळ्याकडचा) पिकअप मरतो. म्हणून बदलायचे तर दोन्ही पिकअप बदला. गणपतीच्या मांडवात जनरेटर आणि रोषणाईच्या माळांजवळ हाय गेनवर वाजवायचं असेल तर याची शांतता खरोखर कामाची. लांब केबलमध्ये वरचे स्वरही हरवत नाहीत. वाजवून झालं की जॅक काढा, नाहीतर बॅटरी संपत राहते.

मागवण्याआधी स्केल घेऊन ब्रिजवर पहिल्या आणि सहाव्या तारेमधलं अंतर मोजा. ४९-५० मिलिमीटर असेल तर नेहमीचा; ५२-५३ असेल तर डंकनमध्ये ‘ट्रेमबकर’, दिमार्झिओमध्ये ‘एफ-स्पेस्ड’. खाचेची खोलीही बघा, लांब पायांचा पिकअप उथळ खाचेत तळाला टेकतो. खाच सिंगल कॉइलचीच असेल तर लाकूड कोरू नका. हॉट रेल्स किंवा लिटल फिफ्टी-नाइन त्याच मापात येतात, पहिला रांगडा, दुसरा मवाळ. पॉट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणणार असाल तर लॉग टेपरचा, म्हणजे कानाला सारखा वाढेल असा, मागा. सीटीएस कंपनीच्या पॉटला ९.५ मिलिमीटरचं भोक लागतं, स्वस्त गिटारीत ते लहान असतं.

बसवताना सर्वाधिक घोळ रंगांचा. डंकनमध्ये काळी वायर हॉट, हिरवी आणि उघडी अर्थला, लाल-पांढरी एकमेकींना जोडून टेप. दिमार्झिओमध्ये लाल हॉट, हिरवी आणि उघडी अर्थला, काळी-पांढरी जोडून. डंकनचा नकाशा बघून दिमार्झिओ जोडला तर मीटर ओहम बरोबर दाखवतो, पण एक कॉइल उलटी पडते: आवाज पत्र्यासारखा, शिवाय हमही येतो.

पिकअप एकटा छान, पण नेकबरोबर स्विचच्या मधल्या जागेवर पोकळ वाजत असेल तर दोन्हींचा फेज उलटा आहे, म्हणजे दोघांचे सिग्नल एकमेकांना खोडतात. मीटर ओहमवर ठेवून जॅकमध्ये केबल लावा. एकेका पिकअपवर स्क्रूड्रायव्हर टेकवा आणि झटकन उचला. आकडा एकाचा वर आणि दुसऱ्याचा खाली उडाला तर नव्या पिकअपची हॉट आणि हिरवी वायर अदलाबदल करा. उघडी वायर मात्र अर्थलाच राहू द्या, तिला हॉटकडे नेलं तर शील्डच ॲंटेना होते.