कोपऱ्यातलं वर्तुळ: लेकीच्या खोलीचं रंगकाम

गेल्या दिवाळीआधी लेकीच्या 10 बाय 12 च्या खोलीचं डिझाइन आणि रंगकाम करून घेतलं, मालमजुरीसकट 18,000 रुपये. करणाऱ्यांचं नाव देत नाही; माणसं भली होती.

थ्रीडी व्ह्यू बघूनच आम्ही भाळलो. दोन भिंती मिळतात त्या कोपऱ्यावर मस्टर्ड रंगाचं मोठं वर्तुळ, खिडकीकडून येऊन त्यात घुसलेला मोरपंखी त्रिकोण, आणि दोन्ही एकमेकांवर येतात तेवढाच भाग हिरवा.

हातातली सफाई मानली. कोपऱ्यात 5 फुटांवर खिळा, त्याला 3 फुटांचा दोरा, टोकाला पेन्सिल. टेप चिकटवल्यावर रंगारीदादा आधी तिच्या काठावरून भिंतीचाच पांढरा रंग फिरवायचे. "ताई, फटीत शिरायचाच तर पांढरा शिरू दे, मग वरचा झिरपत नाही." शेवटचा हात ओलसर असतानाच टेप सोलली. कड कशी, सुरीने वडी कापावी तशी! स्विचबोर्डाच्या प्लेटाही काढून रंगवलं, नाहीतर आमच्याकडे प्लेटेसकट रंगवायची पद्धत आहे.

घोळ झाला तो वर्तुळाचा. ते दोन भिंतींवर अर्धं-अर्धं दुमडलेलं. दारातून बघितलं की उभट अंडं दिसतं. पलंगावरून एक अर्धुक नीट, दुसरं चेपलेलं. कोपऱ्यापासून साधारण 7 फुटांवर खोलीच्या मधोमध उभं राहिलं तर बऱ्यापैकी गोल, तेही वरखाली किंचित खोबण पडलेलं. व्ह्यूमध्ये गोल होतं, कारण चित्र त्याच एका जागेवरून काढलेलं. पण या खोलीत तुम्ही बसता कुठे, हे कोणी विचारलंच नाही. मलाही सुचलं नाही म्हणा. असं काही करणार असाल तर आधी नुसती खडूची रेघ मारून घ्या आणि रोजच्या खुर्चीत बसून बघा.

लेकीने शेवटी अभ्यासाचं टेबलच मधोमध ओढलं. ओढताना त्याचा कोपरा नेमका हिरव्यावर घासला. आणि तो हिरवा कंपनीच्या शेडचा नव्हता, जागेवरच दोन रंग अंदाजाने कालवून केलेला. उरलेला डबा नाही, नंबर नाही. दोनदा कालवून बघितला, दोन्ही वेळा ठिगळ उठून दिसलं.

सध्या तिथे कालनिर्णय लटकतंय.

5 पैकी साडेतीन.